स्टेअरिंग रॅक: ‘बसतंय’ म्हणजे जुळतंय असं नाही

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय.

आपल्याकडं आता बऱ्याच घरांत एक जुनी चारचाकी असते. खताची पोती, औषधं, भाजीची क्रेटं, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणं, सगळं तिच्यावरच. मारुती ८०० बनायची २०१४ ला बंद झाली, तरी गावोगाव पळतीय. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढं ५-५ वर्षांनी पासिंग करून घ्यायचं. म्हणजे सुटे भाग लागणारच, आणि नवा मिळेना किंवा परवडेना म्हणून जुना घेणारच. त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो ‘बसतंय की, घेऊन जावा’ या बोलण्याला. दाराचं हँडल असं घेतलं तर फार तर खडखड करील. स्टेअरिंग रॅकवर घरची चार माणसं बसलेली असतात.

आमच्या ८०० साठी मी तालुक्याला तीन दुकानं फिरलो. पहिल्यानं अल्टोचा रॅक हातात दिला. म्हटलं, कुठल्या अल्टोचा? साध्या स्टेअरिंगच्या का पॉवरच्या? त्याला माहीत नव्हतं. आणि खरी गोम तिथंच आहे. एकाच नावाच्या गाडीत साधं आणि पॉवर असे दोन प्रकार येतात. छोट्या गाड्यांत पॉवरची मोटर बहुतेक वर स्टेअरिंगच्या दांडीवर असते, त्यामुळं खालचा रॅक दिसायला साध्यासारखाच. पण मोटरचा जोर धरून त्याचे दाते केलेले असतात. तो बिनमोटरच्या गाडीत घातला तर बांधावरनं वळवताना हात भरून येतात. तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगच्या रॅकला पाइप असतात, तो लगेच ओळखू येतो.

म्हणून आपला जुना रॅक काढून सोबत न्यावा. दोन्ही शेजारी ठेवून लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, दांडी बसते तिथल्या खाचा आणि रॅक एंडचे आटे बघावेत. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजावेत. वेढे जुळले नाहीत तर रॅक परत ठेवावा. चेसिस नंबर दिला तर कंपनीच्या पार्टच्या काउंटरवर पार्ट नंबर कळतो, तो आधीच लिहून घ्यावा.

बैल घेताना आपण दात बघतो, इथंही दातेच बघायचे. रबरी बूट मागं सरकवून रॅक पूर्ण एका बाजूला फिरवायचा. गाडी सरळ जास्त चालते, म्हणून मधले दाते आधी झिजतात. मध्ये ढिला आणि टोकाला घट्ट लागला तर तो झिजलेला समजा. दुकानदार स्क्रू आवळून मधला ढिलेपणा घालवून दाखवतो, पण मग टोकाला वळताना रॅक अडकतो. बुटात गंज, पाणी निघालं तर नको. पुढनं ठोकलेल्या गाडीचा तर फुकट दिला तरी नको. वाकलेला रॉड नुसत्या नजरेला दिसत नाही.

आणखी एक. खटखट आवाज आला की काही मेस्त्री लगेच पूर्ण रॅकच सांगतात. आधी चाक जॅकवर घेऊन डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला खाली टायरॉड एंड बघायला सांगा. बऱ्याचदा तेवढाच एंड गेलेला असतो, किंवा रॅकचा बुश. दोन्ही कमी पैशात होतात आणि ते नवेच घ्यावेत, जुने नाहीत.

बिल मागितलं की दुकानदार नाराज होतो. होऊ दे. कुठल्या गाडीचा, कुठलं मॉडेल, कुठलं साल हे कागदावर लिहून देता येत नसेल तर माल कुठनं आला हे त्यालाच माहीत.

आम्ही तिसऱ्या दुकानातला घेतला. तिथं गाडी अजून उभी होती, रॅक आमच्यासमोर खोलला. बसवताना दोन्ही एंड आधी होते तेवढ्याच आट्यांवर घेतले, रॅक मध्यावर धरला, स्प्लिट पिना नव्या घातल्या आणि तिथनं थेट अलाइनमेंटला नेली. पोरगा म्हणत होता, अलाइनमेंट पुढच्या आठवड्यात करू. मी म्हटलं, मग गाडी पण पुढच्या आठवड्यातच न्यायची.