काकडीवर ‘व्हायरस’ आला, पण कोणता? फवारणीआधी हे समजून घ्या

काकडीची पाने हिरवी-पिवळी चट्टेदार झाली, आकसली की ‘व्हायरस आला’ म्हणत शेतकरी कीटकनाशक फवारतात. पण प्रत्येक विषाणू कीड पसरवत नाही.

कोण कसा पसरतो?
▪ कुकुंबर मोझॅक : मुख्यतः मावा
▪ टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली : पांढरी माशी
▪ कुकुंबर ग्रीन मॉटल मोझॅक : बियाणे, हात, छाटणीची कात्री. इथे मावा-माशीवरच्या फवारणीचा खर्च वाया जातो.

ओळखायचे कसे?
लक्षणे सारखी असल्याने नुसत्या नजरेने खात्री होत नाही. पानाच्या नमुन्यात एलायझा चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते, तर कोरोनाकाळात परिचित झालेली पीसीआर त्याचा जनुकीय अंश.

बाधित रोप बरे करणारे औषध नाही. ते उपटून नष्ट करणे, अवजारे निर्जंतुक करणे आणि पुढच्या लागवडीला तपासलेले बियाणे घेणे, एवढेच हाती उरते.