तारीख बघा, मग तत्काळ म्हणा

आज घरी फोन लावा आणि आईला एक काम सांगा. कपाटात, एलआयसीच्या फाइलमागे ठेवलेला तुमचा निळा पासपोर्ट काढायचा आणि त्यावरची शेवटची तारीख वाचून दाखवायची. शाळेत असताना कधीतरी काढलेला असेल. वडील आखाती देशात कामाला होते म्हणून, घरच्यांसोबत उमराहला जायचं होतं म्हणून, किंवा मामा म्हणाला 'काढून ठेवा, कामाला येतो' म्हणून. तारीख उलटून गेलेली निघाली तर दचकू नका. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षं किंवा वयाची अठरा वर्षं, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. पंधरा ते अठरा वयातल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, पण तो पर्याय घरात कुणी फारसा वाचलेला नसतो. म्हणजे कॉलेजात आलेल्या कितीतरी जणांच्या घरी पासपोर्ट आहे, आणि तरीही नाही.

हे कळतं कधी? ऑफर लेटर आल्यावर, परदेशी विद्यापीठाचा फॉर्म अर्धा भरल्यावर. मग धावाधाव सुरू होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : तत्काळ. दोन हजार जादा भरले की काम लगेच होतं, असा आपला समज. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग करमाडसारख्या गावच्या मुलामुलींना महाग पडतो, म्हणून त्यावर बोलायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपण सगळे 'रिन्यू' म्हणतो, पण सरकारी भाषेत ते 'री-इश्यू' आहे. जुन्या पुस्तिकेवर शिक्का मारून मुदत वाढत नाही. नवी पुस्तिका, नवा नंबर मिळतो. जुनी रद्दचा शिक्का मारून परत देतात. ती फेकू नका, तिच्यातला व्हिसा चालू असेल तर तो रद्द होत नाही आणि प्रवासात दोन्ही पुस्तिका सोबत ठेवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट पोस्टाची. 'पासपोर्ट पोस्टानं रिन्यू होतो का हो?' हा प्रश्न आपल्याकडे बऱ्याचदा विचारला जातो. अमेरिकेत होतो. तिथला नागरिक डीएस-82 नावाचा फॉर्म, जुना पासपोर्ट आणि फोटो पाकिटात घालून पाठवतो. घाई असेल तर 60 डॉलर जादा भरतो. पण तिथंही सोळा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट असेल तर पोस्ट चालत नाही, स्वतः जावं लागतं. तिकडे शिकणारी आपली मुलंही भारतीय पासपोर्टचे कागद वकिलातीनं नेमलेल्या खासगी कंपनीकडे कुरिअरनं पाठवू शकतात. भारतात मात्र पोस्ट एकाच दिशेनं चालतं. पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी येतो, पण अर्ज पोस्टानं जात नाही. फोटो आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं.

हजर कुठं राहायचं? 25 जानेवारी 2017 रोजी म्हैसूर आणि दाहोद इथं पोस्ट ऑफिसातली पहिली पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या शहरात छावणीच्या पोस्ट ऑफिसात केंद्र आलं. त्याआधी या कामासाठी दुसरं शहर गाठावं लागायचं, त्यामानानं ही मोठी सोय. तरी करमाडहून निघालात तर जालना रोडनं आधी शेंद्र्याची एमआयडीसी लागते, मग चिकलठाण्याचं विमानतळ, मग अख्खं शहर ओलांडून छावणी. विमानतळ आधी आणि पासपोर्ट नंतर! एक कागद कमी पडला तर ही फेरी पुन्हा करायची, म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडाली आणि घरातल्या कुणाची तरी मजुरीही.

आता वेग नेमका कुठं अडतो ते बघा. अर्ज ऑनलाइन भरायला तासभर लागतो. केंद्रात कागद तपासायला, फोटो-ठसे घ्यायला अर्धा दिवस धरा. मंजुरी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय देतं. खरा वेळ जातो तो तीन ठिकाणी : अपॉइंटमेंटची तारीख मिळण्यात, पोलीस पडताळणीत आणि शेवटी पोस्टमन दारात येतो तेव्हा तुम्ही घरी नसण्यात. तत्काळमुळे अपॉइंटमेंटचा वेगळा कोटा मिळतो आणि पोलीस पडताळणी पासपोर्ट हातात आल्यानंतर होते. म्हणून तो लवकर निघतो. पडताळणी नंतर होणार असेल तर साधारण तिसऱ्या कामाच्या दिवशी रवाना होतो. पण पडताळणी टळत नाही, पुढं ढकलली जाते. आणि तुमचा पत्ताच गोंधळाचा असेल तर ते दोन हजार रुपये काहीही करू शकत नाहीत.

पत्ता हाच आपल्या मुलांचा खरा प्रश्न आहे. घर करमाडला, लाडसावंगीला किंवा गोलटगावला. राहणं विद्यापीठाजवळच्या रूमवर, तीन मित्रांत मिळून. आधार गावचं, बँकेचं पासबुक शहरातलं. पोलीस येतात तेव्हा आपण लेक्चरला, पोस्टमन येतो तेव्हा परीक्षेला. पासपोर्टचं पाकीट ज्याच्या नावचं त्याच्याच हाती ओळख बघून देतात. 'शेजारी ठेवून जा' हे इथं चालत नाही. कुणी भेटलंच नाही तर पाकीट पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातं आणि तुमची घाई पुन्हा शून्यावर येते.

यावर उपाय 2018 पासून आपल्या हातात आहे. त्या वर्षीच्या जूनपासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, आणि अर्जात जो पत्ता लिहाल तिथंच पोलीस पडताळणी होते, तिथंच पासपोर्ट येतो. मग प्रश्न एवढाच उरतो, की पुढचा महिना-दीड महिना तुम्ही खरंच कुठं सापडणार आहात? रूमवर असाल आणि त्या पत्त्याचा पुरावा असेल तर रूमचा पत्ता द्या. पुरावा नसेल तर गावचा द्या आणि अर्जाची वेळ सुट्टीत धरा. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी यासाठी सोन्यासारखी आहे. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं, त्यामुळे एका कागदावर औरंगाबाद आणि दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर असं सापडेल. गाव, तालुका, पिनकोड आणि नावाचं स्पेलिंग तरी सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का, हे आधी बघा. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर फक्त आद्याक्षर, असल्या बारीकसारीक गोष्टी खिडकीवर मोठ्या होतात.

कागदांची भीती मात्र विनाकारण पसरलीय. जन्मदाखला नसेल तर पासपोर्टच नाही, असा मेसेज सगळीकडे फिरला होता. 2025 च्या दुरुस्तीनुसार फक्त जन्मदाखलाच चालेल ही अट 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी आहे. तुम्ही त्यात बसत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन असे पुरावे तुम्हाला चालतात. दहावीचं सर्टिफिकेट मात्र आवर्जून जोडा. दहावी पास असल्याचा पुरावा नसेल तर पासपोर्टवर 'ईसीआर' येऊ शकतं, आणि मग आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तत्काळसाठी यादीतले तीन पुरावे लागतात, त्यात कॉलेजचं ओळखपत्रही धरलं जातं. तत्काळची अपॉइंटमेंट कोणत्या केंद्रात उपलब्ध आहे, हे पैसे भरण्याआधी तपासा. आणि चिपवाला ई-पासपोर्ट आला म्हणून चालू पासपोर्ट घाईनं बदलायला जाऊ नका. तो त्याच्या तारखेपर्यंत चालतो.

आता एजंटचं. 36 पानी पासपोर्टची सरकारी फी 1,500 रुपये, तत्काळ असेल तर 3,500. याच्या वर जे काही जातं ते आपल्या अज्ञानाचं भाडं. गावातल्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात फॉर्म भरून घेतला आणि त्याच्या कष्टाचे पैसे दिले, तर त्यात गैर काही नाही. पण 'आपली आत ओळख आहे, आठ दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्याकडे विकायला काहीच नसतं. अपॉइंटमेंट तुमच्याच लॉगिनमधून निघते, ठसे तुमचेच लागतात. खरी वेबसाइट 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन' ही आहे. शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर तिथं आधार नंबरही टाकू नका, पैसे तर लांबच. पोलीस पडताळणीसाठी अर्जदारानं द्यायची कोणतीही फी नाही. त्या कामाचे पैसे परराष्ट्र मंत्रालय राज्याला देतं. त्यामुळे कुणी 'चहापाणी' म्हटलंच तर चहा जरूर विचारा, तेवढाच.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? आम्ही कुठं निघालोय परदेशात? इथं थोडा इतिहास लागतो. 1967 साली सर्वोच्च न्यायालयानं सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि पासपोर्ट देणं-न देणं सरकारच्या मर्जीवर सोडता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयानं हा हक्क आणखी पक्का केला. म्हणजे खिडकीपलीकडचा माणूस आपल्यावर उपकार करत नाही, आणि आपणही हात जोडून उभं राहायचं कारण नाही. हक्काची गोष्ट आहे, ती हक्कानं आणि नीट कागद घेऊन मागायची. एखाद्या आंदोलनातली केस कोर्टात सुरू असेल तर तीही लपवू नका. अशा वेळी कोर्टाच्या परवानगीनं पासपोर्ट मिळू शकतो. माहिती दडवणं मात्र कायद्यानं गुन्हा आहे.

हक्क आहे म्हटलं की व्यवस्थेकडेही काही मागायला हवं. कॉलेजं प्रवेशाच्या वेळी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला मदत करतात, मतदार नोंदणीची शिबिरं घेतात. मग शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला एक 'पासपोर्ट तपासणी दिवस' का नको? एक संगणक, माहिती असलेला एक शिक्षक किंवा सीनियर आणि कागदांची यादी, एवढ्यावर भागतं. परराष्ट्र मंत्रालय ठिकठिकाणी पासपोर्ट मेळावे घेतं. विद्यापीठानं मागणी केली तर तसा एखादा मेळावा मराठवाड्यातल्या मुलांसाठी विद्यापीठाच्या आवारात का होऊ नये? आणि ग्रामीण पोलिसांना एक विनंती : पडताळणीला येण्याआधी अर्जावरच्या नंबरवर एक फोन करा. शेतात किंवा शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्टला असलेला मुलगा 'पत्त्यावर आढळला नाही' असं लिहिलं जाण्याइतका बेपत्ता नसतो.

आपल्या बाजूचं काम तर त्याहून सोपं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून री-इश्यूचा अर्ज करता येतो. अनेक देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, म्हणून दहा वर्षांचा पासपोर्ट साडेनऊ वर्षांचाच समजा. मुदत संपून तीन वर्षं उलटली तर अर्जात वेगळं कारण निवडावं लागतं आणि पडताळणी पुन्हा मागे लागते, त्यामुळे 'बघू नंतर' हे धोरण इथं नको. लहानपणचा पासपोर्ट बदलून मोठ्यांचा घेताना तर पोलीस पडताळणी होणार असंच धरून चाला. फाइल नंबर जपा, मोबाइल नंबर बदलू नका, स्पीड पोस्टचा नंबर आला की तो रोज ट्रॅक करा आणि पाकीट गावच्या पोस्टात पोचल्याचं दिसलं की त्या दिवशी घरी थांबा. जमलं तर आदल्या दिवशी पोस्टमनकाकांना भेटून सांगून या. ते तुम्हाला लहानपणापासून ओळखतात.

साध्या रांगेत वेळेवर उभं राहिलेल्या मुलीचे दोन हजार रुपये वाचतात. तेवढ्यात गावाहून शहराचा महिन्याचा पास निघतो, पुस्तकं येतात. घाईची किंमत ज्याला परवडते त्याला ती फारशी टोचत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना टोचते. म्हणून तत्काळ हा शब्द खरोखरच्या अडचणीसाठी राखून ठेवा, आणि या रविवारी घरी गेलात की कपाट उघडा.