कर्नलची बडबड

नांदेडच्या, म्हणजे हुजूर साहिब नांदेडच्या स्टेशनवर कधी नीट कान देऊन अनाउन्समेंट ऐकलीय? आधी गाडीचा नंबर, मग नाव, कुठून आली, कुठं जाणार, कुठला प्लॅटफॉर्म. तोच साचा, रोज. बोअर आहे, मान्य. पण अर्धवट झोपेतला माणूससुद्धा बॅग उचलून बरोबर सचखंडमध्ये चढतो, तो या बोअर साच्यामुळंच. आता समजा, त्याच स्पीकरवर दोघं एकदम बोलायला लागले. एक देवगिरीचं सांगतोय, दुसरा सचखंडचं. ऐकू काय येणार? नाव सचखंडचं आणि प्लॅटफॉर्म देवगिरीचा!

कॉम्प्युटरच्या पोटात हा गोंधळ कितीतरी वर्षं चालू होता. (आयटीत नसलेल्यांनी पान उलटू नका, प्लीज. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही हाच मामला आहे.) कर्नल म्हणजे लष्करातले साहेब नव्हेत, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. डिस्क, मेमरी, नेटवर्क सगळं सांभाळणारा. मशीन सुरू झाल्यापासून तो स्वतःशी नोंदी लिहीत असतो: डिस्क सापडली, केबल निघाली, अमुक ठिकाणी वाचता आलं नाही. या नोंदी म्हणजे लॉग. एरवी त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघायची वेळ येते ती रात्री दोन वाजता, घाम फुटलेला असताना.

लातूरला माझा आतेभाऊ फोटो स्टुडिओ चालवतो. त्याच्याकडं एक जुनं लिनक्सचं मशीन आहे आणि त्यात आख्ख्या लग्नसराईचे फोटो. गेल्या वर्षी ऐन सीझनमध्ये त्याचा फोन आला. फोल्डर उघडेना. ‘‘पोरी, हे काय म्हणायलंय बघ की,’’ म्हणत दादानं मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला. मी पुण्यात, तो लातुरात, आणि मधे नुसत्या ओळीच ओळी. सगळ्या एकाच तक्रारीच्या: कार्ड रीडर निघाला, कार्ड रीडर लागला, निघाला, लागला. त्याचं यूएसबीचं कनेक्शन सैल होतं एवढंच. पण या हजारो ओळींच्या मधे कुठंतरी खरी बातमी दडलेली असणार, हे दिसत होतं.

मी त्याला फोनवर एकेक अक्षर सांगून दुसरी आज्ञा टाइप करायला लावली: फक्त ‘एरर’ आणि त्याहून गंभीर नोंदी दाखव. क्षणात पडदा रिकामा झाला आणि मोजक्या ओळी उरल्या. आय/ओ एरर, डिस्क एसडीबी, सेक्टर नंबर अमुक. पहिली नोंद दोन आठवडे आधीची! डिस्क तेव्हापासून सांगत होती, पण ऐकायला कुणी नव्हतं. रात्रभर नव्या डिस्कवर कॉपी चालली. बाकी सगळं वाचलं. एका लग्नाच्या हळदीचे फोटो मात्र गेले ते गेलेच. त्या नवरीच्या वडिलांना काय सांगायचं, हे दादाला ठरवायला लागलं. आज्ञा सांगण्याइतकं ते सोपं नव्हतं.

पण ती ओळ सापडली का, ते बघा. कारण ती लिहिणाऱ्यानं तिला योग्य पातळी दिली होती. लिनक्समध्ये 0 ते 7 अशा आठ पातळ्या आहेत. 0 म्हणजे सगळं संपलं, 7 म्हणजे प्रोग्रामरची खासगी कुजबूज. कार्ड रीडरची कटकट 6 वर, म्हणजे नुसती माहिती. डिस्कची एरर 3 वर. आपलं हार्डवेअर म्हणजे जगाचा मध्यबिंदू असं समजून प्रत्येक ओळ ‘तातडीची’ लिहिणारे महाभागही असतात. त्यांच्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. त्याच ओळीत कोण बोलतंय, कुठल्या डिस्कबद्दल, कुठल्या जागेबद्दल, सगळं होतं. थोडक्यात, स्टेशनचा साचा.

आता दोन स्पीकरवाल्यांचं. पूर्वी कर्नलमध्ये एक वाक्य तुकड्यातुकड्यानं छापायची सवय होती. प्रोसेसर एक होता तोवर ठीक. अनेक झाल्यावर एकाचं अर्धं वाक्य संपायच्या आत दुसरा मधे घुसायला लागला. 2016 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 4.9 आवृत्तीत लिनस टोरवाल्ड्स यांनी कडक भूमिका घेतली: ‘हे मागच्याचंच पुढं’ असं स्पष्ट सांगितलं नसेल, तर प्रत्येक नोंद नवी ओळ. मग काय, जुन्या लाडावलेल्या कोडच्या कितीतरी ओळींचे तुकडे झाले आणि ते जोडत बसावं लागलं. मला विचाराल तर बरंच झालं.

बडबडीवरही लगाम आहे. ठरावीक नोंदींना नेहमीचा नियम असा की, 5 सेकंदांत 10 वेळा बोला, पुढचं गिळून टाकलं जाईल आणि किती गिळलं तेवढा आकडा छापला जाईल. कारण बोलण्याला खर्च आहे. जुन्या पद्धतीच्या सिरियल केबलवर, 1,15,200 च्या वेगानं, 80 अक्षरांची एक ओळ जायला सुमारे 7 मिलिसेकंद लागतात. मशीनच्या हिशोबात ते एक युग. लिनक्सला काटेकोर वेळ पाळायला लावणारा रिअल-टाइम भाग मूळ कर्नलमध्ये पूर्ण सामावायला सप्टेंबर 2024 उजाडलं, आणि शेवटपर्यंत अडून बसलेल्या गोष्टींत हे छापण्याचं कामच होतं!

कर्नलच्या लेखन-नियमावलीत यावर छोटंसं प्रकरणच आहे. स्पेलिंग सांभाळा, लोकांना आपण शिकलेले वाटलो पाहिजे. नोंद आटोपशीर आणि निःसंदिग्ध हवी. आकड्यांना उगाच कंस नको. माझा लाडका नियम वेगळाच आहे: कोडची ओळ कितीही लांब झाली तरी संदेशाचं वाक्य मधे तोडू नका. का? तर कुणीतरी, कुठंतरी, स्क्रीनवरचं वाक्य जसंच्या तसं कोडमध्ये शोधणार आहे आणि ते त्याला सापडायला हवं.

दादानं कार्ड रीडर बदललाय. दर सोमवारी स्टुडिओ उघडला की तो ती आज्ञा टाइप करतो आणि मला मेसेज टाकतो. परवाचा होता: ‘‘काहीच नाही आलं. बिघडलं का हे?’’