अब्रू काय फक्त कारभाऱ्यांनाच असते?

कोडोलीच्या बाजारात सकाळी एक निनावी पत्रक वाटले जाते. एखाद्या शिक्षकाचे, दुकानदाराचे वा परिचारिकेचे नाव घेऊन त्यात चोरीचा किंवा चारित्र्याचा आळ घेतलेला असतो. संध्याकाळी चार शहाणीसुरती माणसे त्या घरी येऊन सांगतात, "सोडून द्या, लोक विसरतील." हा उपदेश आम्हांला मान्य नाही. लोक मजकूर विसरतात, संशय विसरत नाहीत. मुलीचे लग्न ठरताना, पतपेढीत कर्ज मागताना तो पुन्हा डोके वर काढतो.

अब्रूनुकसानीचा खटला आमच्या जिल्ह्याला नवा नाही. १८८२ साली कोल्हापूर संस्थानचे कारभारी रावबहादूर बर्वे यांनी 'केसरी' व 'मराठा' यांच्यावर फिर्याद केली. छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबाबत बर्व्यांना गोवणारी जी पत्रे संपादकांनी खरी मानली, ती बनावट निघाली. माफी मागूनही टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु शुद्ध हेतू म्हणजे पुरावा नव्हे. आणि त्या तुरुंगवासाने संपादकांची कीर्ती वाढली. बर्व्यांच्या अब्रूची आठवण आज कोणाला आहे?

म्हणूनच तुरुंगाची वाट आम्हांला पसंत नाही. फौजदारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली वैध ठरविली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तिचा धाक बलवान माणूस दुबळ्या पत्रकाराला घालतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय सामान्य माणसाने गप्प बसणे हा नव्हे. त्याने दिवाणी दावा लावावा.

दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. जिथे मजकूर प्रसिद्ध झाला तिथेही तो लावता येतो. म्हणजे छापणारा मुंबईचा असला, तरी कोडोलीकराला आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मजकूर आपल्याविषयी आहे, अब्रूला बाधक आहे आणि तो इतरांनी वाचला, एवढे वादीने दाखवावे; आरोप खरा असल्याचे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर. तो खरा ठरला तर दावा पडतो, आणि पडलाच पाहिजे.

कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा यांचे ओझे आम्ही जाणतो. म्हणून आधी नोटीस द्यावी. माफी त्याच पानावर, त्याच टायपात मागावी. ती मिळाली नाही, तर माफक रकमेचा का होईना, दावा लावावा. शेजाऱ्यांनी "सोडून द्या" म्हणण्याऐवजी साक्षीला उभे राहावे. आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी, हाती आलेले पत्र खिळ्यांवर चढविण्यापूर्वी, ते खरे आहे का, एवढे तरी विचारावे. १८८२ सालचा धडा तोच आहे.