फक्त रंग विचारू नका!

दसऱ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत नवी गाडी आली. बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबं. शेजारच्या वहिनी औक्षणाचं ताट घेऊन लगबगीनं बाहेर आल्या. गाडीला ओवाळलं, नारळ फुटला, पेढे वाटले. मी सहज विचारलं, ''छान आहे हो गाडी! पेट्रोल की डिझेल?'' वहिनी हसून म्हणाल्या, ''मला काय ठाऊक बाई! मला फक्त रंग विचारला होता. मी पांढरा म्हणाले, तर यांनी काळी आणली.''

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण मला माहीत होतं की गाडीच्या पहिल्या पैशांत वहिनींची भिशी होती. शिवणकाम करून, ब्लाऊजमागे पन्नास-शंभर रुपये बाजूला टाकून जमवलेली. दर महिन्याचा हप्ताही घरखर्चातूनच जाणार होता आणि घरखर्चाची वही वहिनींच्याच हातात. म्हणजे पैसे द्यायला वहिनी, काटकसर करायला वहिनी, ओवाळायलाही वहिनीच. निर्णयाच्या वेळी मात्र त्यांच्या वाट्याला आला तो रंग. तोही शेवटी त्यांचा नव्हताच!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी वेगळं घडतं का? फ्रीज, मिक्सर घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो. वीज किती खाईल, वॉरंटी किती, सगळं विचारतो. पण घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी, म्हणजे गाडी, ती मात्र ठरते पारावर, पानटपरीवर, नाहीतर भाऊजींच्या मित्राच्या शब्दावर. ''अगं, तुला काय कळतंय गाडीतलं?'' असं म्हटलं की आपणही गप्प बसतो. खरं तर कळण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते अवघडही नाही.

आता वहिनींच्याच गाडीचं बघा. सात सीटची डिझेल गाडी. घरात माणसं चार. भाऊजींचं ऑफिस तीन किलोमीटरवर, तिथं ते मोटारसायकलनंच जातात. गाडी बाहेर निघते ती बाजारापुरती आणि महिन्यातून दोनदा गावच्या शेताकडे. मग डिझेल का? तर ''डिझेल परवडतं'' असं सगळे म्हणतात म्हणून! हा हिशेब खूप जुना आहे. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे वीस-तीस रुपयांचा फरक असायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला आणि तो फरक आटत गेला. देशात सर्वांत जास्त मोटारी विकणाऱ्या मारुतीनं तर एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनवणंच थांबवलं. शिवाय आजच्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी एक जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब अंतरावर, एका वेगात पळावी लागते. नुसती भाजी मंडई ते घर अशी फिरवली तर जाळी तुंबते आणि गॅरेजचं बिल वाढतं. हे वहिनींना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनीच विचारलं असतं, ''मग आपल्याला ही कशाला?''

हल्ली शोरूममध्ये आणखी एक शब्द कानावर पडतो, ''हायब्रिड''. हायब्रिड बियाणं आपल्याला माहीत आहे. गाडीतलं हायब्रिड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिनही आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. साधी गाडी ब्रेक मारला की आपली पळण्याची सगळी शक्ती ब्रेकच्या उष्णतेत घालवते. हायब्रिड गाडी त्यातली बरीचशी परत बॅटरीत भरून घेते आणि पुढच्या वेळी वापरते. कुकरखालचा गॅस बंद केल्यावरही आतल्या वाफेवर डाळ शिजत राहते ना, तसंच काहीसं. हातचं वाया घालवायचं नाही, एवढंच तत्त्व. ही गाडी घरी चार्जिंगला लावावी लागत नाही. गर्दीच्या रस्त्यात, जिथं सारखं थांबा-निघा चालतं, तिथं तिचा फायदा जास्त. आणि पायाखाली क्लचही नसतो, त्यामुळे नव्यानं गाडी शिकणाऱ्या बाईला ती चालवायला सोपी.

पण इथंही डोळे उघडे ठेवायला हवेत. काही गाड्यांच्या मागे ''हायब्रिड''ची पट्टी असते, पण आत असते ती छोटीशी बॅटरी. ती इंजिनला थोडा हातभार लावते एवढंच, नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावं, ''पेट्रोल न जाळता, नुसत्या बॅटरीवर ही चालते का?'' उत्तर देताना तो अडखळला की समजून जावं.

ही गाडी आहे तरी कुठली? टोयोटानं डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ''प्रियस'' नावाची हायब्रिड गाडी आणली, २००० मध्ये ती अमेरिकेत गेली. माझ्या मावसबहिणीच्या मुलानं कॅलिफोर्नियात ती घेतली आणि फोटो पाठवला. इकडे आमचे मामा म्हणाले, ''अमेरिकेत राहून पोरानं ही कसली बसकी गाडी घेतली? मोठी परवडत नाही का?'' तिकडे मात्र त्याच गाडीमुळे त्याचा ऑफिसात मान वाढला होता! २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत प्रियस घेणाऱ्यांना कारण विचारलं होतं. निम्म्याहून अधिक लोकांनी मुख्य कारण सांगितलं, ते ना पेट्रोलच्या बचतीचं, ना हवेच्या काळजीचं. ''ही गाडी माझ्याविषयी काहीतरी सांगते,'' असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच काळात होंडाची हायब्रिड सिव्हिकही तिथं मिळायची. पण ती दिसायला साध्या सिव्हिकसारखीच, कुणाला ओळखू येणार नाही अशी. तिचा खप प्रियसपेक्षा कितीतरी कमी राहिला.

गंमत बघा! तिथं लोकांना दाखवायचं होतं की आम्ही किती काळजी घेतो. इथं लोकांना दाखवायचं असतं की आम्ही किती मोठे झालो. दोन्हीकडे गाडी घेताना नजर मात्र शेजाऱ्यावरच!

मग हायब्रिड घ्यावी की नाही? याचं उत्तर पारावर नाही, तुमच्या वहीत आहे. एक साधा हिशेब करू. पेट्रोलनं आपल्याकडे २०२१ मध्येच शंभरी ओलांडली, पण सोपं जावं म्हणून शंभर रुपये लिटरच धरू. समजा साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर अॅव्हरेज देते आणि हायब्रिड २०. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणं झालं तर साध्या गाडीला ४० लिटर, म्हणजे ४००० रुपये. हायब्रिडला ३० लिटर, म्हणजे ३००० रुपये. महिन्याला हजार वाचले, वर्षाला १२ हजार. आता समजा हायब्रिड तीन लाखांनी महाग आहे. ते तीन लाख वसूल व्हायला लागतील पंचवीस वर्षं! तेवढ्यात गाडी भंगारात गेलेली असेल. पण तुमच्या घरी कुणी रोज चाळीस किलोमीटरवर नोकरीला जात असेल आणि महिन्याला २४०० किलोमीटर होत असतील, तर वर्षाला ४८ हजार वाचतात. मग सहा-सव्वासहा वर्षांत पैसे फिटतात. गाडी तीच, घर वेगळं, उत्तर वेगळं. आणि हो, कंपनीच्या कागदावरचं अॅव्हरेज खरं धरू नका. काही हायब्रिड गाड्यांच्या कागदावर २७-२८ चा आकडा असतो, पण रस्त्यावर तेवढं सहसा मिळत नाही. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांना विचारा.

किमतीत कराचाही वाटा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा छोट्या गाड्यांवर १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांवर ५ टक्के कर ठरला. मोठी हायब्रिड पेट्रोल कमी पीत असली तरी ती त्या ४० टक्क्यांतच बसली. म्हणजे काटकसरीची गाडी घ्यायला आधी मोठी रक्कम ओतायची. शोरूममधला माणूस हे आपणहून सांगत नाही.

बाकीच्या पर्यायांनाही आपापली मेख आहे. सीएनजी स्वस्त, पण टाकीनं डिकी अडते आणि पंप गावापासून लांब असला तर रांगेत अर्धा दिवस जातो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच शिवारातल्या उसाला त्यातून भाव मिळतो, ही चांगली गोष्ट. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं. जुनी गाडी विकत घेताना तिला हे पेट्रोल चालतं का, तेही विचारावं.

विजेवरच्या स्कूटरचा हिशेब मात्र बायकांनी जरूर करावा. रोज पंधरा किलोमीटर, म्हणजे महिन्याला साडेचारशे. पेट्रोल स्कूटरला साधारण दहा लिटर, हजार रुपये. विजेच्या स्कूटरला पंधरा-वीस युनिट. अगदी बारा रुपये युनिट धरलं तरी अडीचशेच्या आत. फक्त एक बघा, महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढे दर एकदम चढतो. तुमचं बिल नव्वद-पंचाण्णव युनिटवर असेल तर स्कूटरची बरीचशी युनिटं वरच्या दरानं लागतील. घरात हे कुणाच्या लक्षात येईल? जी दर महिन्याला बिल भरते तिच्याच.

तरीही विजेची स्कूटर म्हटलं की पुरुषमंडळी नाक मुरडतात. ''आवाज नाही, दम नाही, बायकी गाडी!'' हे ऐकलं की मला लुना आठवते. १९७२ मध्ये कायनेटिकनं लुना आणली. आमच्या शाळेच्या बाई लुनावरून यायच्या. पदर कमरेला खोचलेला, पुढे वह्यांची पिशवी. चौकातली पोरं हसायची. पण बाईंना बससाठी तास-तास उभं राहावं लागत नव्हतं आणि कुणाच्या मागे बसून जायची वाटही बघावी लागत नव्हती. त्या हसण्याला बाई घाबरल्या असत्या तर? तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर परत आली आणि ती आणणाऱ्या कंपनीच्या प्रमुख आहेत सुलज्जा फिरोदिया-मोटवानी. हसणारे हसोत, गाडी पुढे जातेच.

पण एक ठिकाण असं आहे, जिथं हसण्यावारी नेता येत नाही. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका तरुण सुनेच्या मृत्यूनं सगळा महाराष्ट्र हादरला. लग्नात तोळ्यांनी सोनं दिलं आणि एक मोठी महागडी गाडीही दिली, असं तिच्या माहेरच्यांनी सांगितलं. न्यायालयाचं काम न्यायालय करील. पण आपण स्वतःला विचारायला नको का? मांडवाच्या दाराशी हार घालून उभी असलेली मोठी गाडी पाहून ''वा, काय थाटात लग्न केलं!'' असं कोण म्हणतं? आपणच ना! हुंडा १९६१ च्या कायद्यानं बंद झाला, पण ''मुलीच्या सुखासाठी दिलेली गाडी'' म्हणून तो चाकांवर बसून मागच्या दारानं आला. ज्या गाडीचं पेट्रोल परवडेल की नाही हे कुणी बघत नाही, ती गाडी वापरायला नसतेच. ती वजन दाखवायला असते. आणि ते वजन शेवटी एका मुलीच्या बापावर आणि त्या मुलीवर पडतं.

म्हणून मला वाटतं, पेट्रोल की वीज, साधी की हायब्रिड, हा प्रश्न नंतरचा. आधी घरात तीन प्रश्न विचारले जावेत, तेही आपण विचारावेत. महिन्याला खरोखर किती किलोमीटर फिरणं होतं? गाडी कोण कोण चालवणार, त्यात मी आहे का? आणि हप्ता कशातून जाणार, मुलांच्या शिक्षणातून की हौसेतून? हौसेला मोल नसतं म्हणतात. असू दे! हौसही करावी. पण ती कुणाच्या पैशानं होतेय, हे माहीत असून करावी.

परवा वहिनी भेटल्या. काळी गाडी कव्हर घालून दारात उभीच आहे, हप्ता चालू आहे. आता मुलीला कॉलेजला जायला दुचाकी घ्यायची म्हणतात. भाऊजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, ''रंग कोणता आणू?'' वहिनींनी आतून घरखर्चाची वही आणली, विजेची बिलं काढली आणि म्हणाल्या, ''बसा जरा. आधी हिशेब करू. आणि शोरूमला मी आणि पोरगीही येणार आहोत.''

भाऊजी बसले म्हणे! रंगाचं अजून काही ठरलेलं नाही.