आधी खेळ पाहा, मग सही मागा

"सर, हॉकीवाल्यांच्या सह्या गोळा करून काय मिळणार? त्यांना बाजारात भाव काय?" गेल्या वर्षी एका पालकांनी माझ्यासमोर बसून हा प्रश्न विचारला. नववीतल्या त्यांच्या चिरंजीवांची वही वर्गशिक्षकांनी तासाला जप्त करून माझ्याकडे आणली होती. वहीत ना क्रिकेटपटू, ना नट. मामाकडे पिंपरीला गेला की हा मुलगा मेजर ध्यानचंद मैदानाच्या फाटकाशी उभा राही. प्रत्येक सहीखाली तारीख, सामना आणि गोलसंख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली. मी वही परत दिली. उत्तर मात्र दिले नाही, ते आज देतो.

उत्तराला उशीर झाला, कारण त्या पापात मीही भागीदार आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पारितोषिक समारंभाला दोन पाहुणे होते. एक मालिकेतला नट, दुसरे निवृत्त हॉकीपटू. सह्यांसाठी नटाभोवती झुंबड उडाली आणि त्या झुंबडीत, मुलीच्या हट्टासाठी का होईना, मुख्याध्यापकही होते! हॉकीपटू मांडीवर शाल घेऊन एकटे बसून राहिले. जाताना एवढेच म्हणाले, "मैदान छान राखलंय हो, सर." ते वाक्य मला अजून टोचते.

वाचकहो, हे आपल्या गावात घडावे? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघातले बंडू पाटील आपल्या बेळगावचे. त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण इंदूरजवळच्या महूचे आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे. या पलटणीचे केंद्र आपल्या गावात आहे. १९५६, १९६० आणि १९६४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत शंकर लक्ष्मण पाकिस्तानविरुद्ध गोलात उभे राहिले. तिन्ही सामन्यांत मिळून त्यांच्यावर एकच गोल झाला. २००६ साली महूला गँगरीनने, हलाखीत त्यांचा अंत झाला. त्यांची सही आपल्यापैकी किती घरांत आहे?

आता कोणी म्हणेल, काळ बदलला. खरे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची बोली लागली. खेळाडूला पैसा मिळाला याचा मला आनंदच आहे. पोटाला चिमटा घेऊन पदके आणण्याचे दिवस जावेतच. पण बोलीचा आकडा ऐकून जो वही घेऊन धावतो तो चाहता नव्हे, दलाल आहे. एकाच खेळाडूसमोर चार चार फोटो सरकवायचे, "नाव घालू नका, नुसती सही द्या" म्हणायचे आणि पुढे ते विकायचे, हा छंद नव्हे. आपल्या नावाने घेतलेली सही विकता येत नाही, म्हणूनच ती खरी!

सेल्फीवाल्यांचेही तेच. सेल्फीत खेळाडू मागे असतो आणि आपण पुढे. सही मागताना थांबावे लागते, कोरे पान पुढे करावे लागते आणि खेळाडूने मान वर केली की दोन शब्द बोलावे लागतात. ते दोन शब्द कुठून येणार? सामना पाहिल्याशिवाय येत नाहीत. "दुसऱ्या सत्रातला तुमचा पेनल्टी कॉर्नर फार सुंदर होता," एवढे ज्याला म्हणता येते त्यानेच सही मागावी.

आणखी एक. त्या वहीत सह्या रोमन होत्या, देवनागरी होत्या, एक गुरुमुखी होती, एक कन्नड. आपण पाट्यांच्या लिपीवरून डोकी फोडली. या पोराने कोणाचीही लिपी विचारली नाही. मराठी माझा प्राण आहे. पण त्या वहीने मला जे शिकवले, ते मी कोणत्याही सभेत शिकलो नाही.

तर त्या पालकांना माझे उत्तर असे. या सह्यांना बाजारात भाव नाही, हीच त्यांची किंमत. आपल्या मुलाने खेळ पाहिला आणि तो खेळणाऱ्याला जाऊन सांगितला, याची ती पोचपावती आहे. पुढचा सामना असेल तेव्हा मुलाबरोबर आपणही चला. येताना एक कोरी वही आणा. मीही आणणार आहे. पहिल्या पानासाठी कोणाच्या घरी जायचे, ते मला ठाऊक आहे.