फुटावर मिळणारं झाड

दिवाळी आटोपली की लीड्सच्या आमच्या घरामागे मी एका झाडाला कपडे घालतो. आधी त्याच्या डोक्यात, म्हणजे पानं फुटतात त्या खळग्यात, कोरडा पेंढा दाबून भरायचा. मग पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधायची आणि सगळ्यावर फ्लीसचे दोन वेढे द्यायचे. मागे एकदा बाबा आंजर्ल्याहून व्हिडिओ कॉलवर हा उद्योग बघत होते. म्हणाले, "अरे, झाडाला गोधडी कसली घालतोस? त्यापेक्षा इथे येऊन चार माडांना आळी तरी कर."

हे झाड म्हणजे वृक्षनेचा, डिक्सोनिया अंटार्क्टिका. नावात अंटार्क्टिका असलं तरी त्याचं गाव टास्मानिया आणि ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्यांमधून जे नेचे डोकावतात, त्यांच्यातलाच हा एक, फक्त खांबावर चढून बसलेला. खांब तरी कसला, मुळांचा घट्ट विणलेला जुडगा. म्हणूनच तो मुळापासून कापून, पानं छाटून, निव्वळ ओंडका म्हणून जहाजाने येतो. इथे कुंडीत उभा करायचा, रोज वरून पाणी ओतायचं, की काही आठवड्यांत डोक्यातून तपकिरी लव असलेल्या गुंडाळ्या वर येतात आणि हातभर लांब पानं उलगडतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचलो होतो.

इथे हा ओंडका फुटावर मिळतो, कापडासारखा. चार फुटांना मी पावणेदोनशे पौंड मोजले. घरी आल्यावर वाचलं की हा बुंधा वर्षाला साधारण इंचभर वाढतो. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं. मी तेव्हा एकोणपन्नासचा होतो. म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचा जीव मी शनिवारी दुपारी क्रेडिट कार्डवर उचलून आणला होता.

विकणारे सांगतात, जिथे जंगल तोडायचंच ठरलेलं असतं तिथलेच हे बुंधे, टास्मानियात त्यांना सरकारी टॅग लागतो, नाहीतर बुलडोझरखाली गेलेच असते. टॅग खरा आहे, माझ्या ओंडक्यालाही होता. पण तोडलेल्या रानातला माल हातोहात खपायला लागला की रान तोडणाऱ्याचा हात आखडत नाही, हे कोकणात लाकडाचे ट्रक बघत वाढलेल्या माणसाला सांगावं लागू नये. मला लागलं.

म्हणून आता ठामपणे म्हणतो: थंड देशात ताड-नेचे लावायची हौस खुशाल करा, पण वाढलेलं झाड विकत घेऊ नका.

इकडे आलेल्या आपल्या माणसांना ताडाची ओढ असतेच. सुपरमार्केटात नारळासकट मोड आलेलं रोप दिसलं की हात आपोआप पुढे जातो. ते घेऊ नये. माडाला बारा महिने ऊब लागते. दिवाणखान्यात ते वर्ष-दोन वर्षं कुढतं आणि जातं. टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावरचे 'पाम' बघून फसणारेही पुष्कळ. त्यातले बरेचसे कॉर्डिलाइन असतात, न्यूझीलंडचे. ते ताडच नव्हेत.

मी फसलो तो खऱ्याखुऱ्या ताडावर. २०२१ च्या वसंतात एका नर्सरीतून कॅनरी बेटांवरचा खजूर आणला. माझ्याहून उंच, भरगच्च, पाटीवर 'हार्डी' असं लिहिलेलं. हा शब्द फार लबाड आहे. किती अंशांपर्यंत, किती रात्री, कोरड्या थंडीत की ओल्या, काहीच सांगत नाही. झाड स्पेनच्या उन्हात वाढलेलं. २०२२ च्या डिसेंबरात आठवडाभर गोठलं, माझ्या परसातला पारा उणे सातवर गेला. या देशात ताडाला मारते ती भिजलेली थंडी. डोक्यात पाणी साचतं, गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. बाहेरून मात्र पानं हिरवीगार. फेब्रुवारीत मी मधलं न उघडलेलं पान सहज धरलं, तर ते अख्खं हातात आलं. टोक काळं, बुळबुळीत, वास सडक्या खोबऱ्याचा. बाबांना दाखवलं. आगरात पावसाळ्यात हा रोग त्यांनी शंभरदा पाहिलेला. "कोंब कुजला," म्हणाले, "आता त्यावर कपडे वाळत घाल." ताडाला कोंब एकच. तो गेला की झाड गेलं, खोड कितीही जाडजूड असो.

नर्सरीवाल्याने खांदे उडवले. त्याला तरी काय बोलणार, पाटीवर अंश लिहिलेले नव्हतेच.

माझे अडीचशे पौंड गेले, ते एक वेळ सोडा. भरल्या झाडांच्या या व्यापाराने भूमध्य समुद्राच्या काठाचं जे केलं ते मोठं आहे, आणि त्यातला गुन्हेगार आपल्या ओळखीचा आहे. आपला सोंड्या भुंगा. लालसर तपकिरी, पुढे सोंड. तो मूळचा आपल्याच भागातला, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. मादी खोडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतला गाभा पोखरतात, आणि वरून काही कळेपर्यंत माड आतून पोकळ झालेला असतो. बाबा संशय आला की खोडाला कान लावायचे. लहानपणी मलाही लावायला लावलं होतं. आत कुरकुर ऐकू येते, कुणी पापड खात असल्यासारखी. हा भुंगा १९८० च्या दशकात आखातातल्या खजुरांत शिरला, पुढे इजिप्तमध्ये पोचला, आणि १९९० च्या दशकात तिथून आणलेल्या वाढलेल्या ताडांच्या पोटात बसून स्पेनमध्ये उतरला. पंखांवर त्याने एवढा प्रवास केला नसता. रिसॉर्ट आणि गोल्फ मैदानांना आजच्या आज सावली हवी होती, म्हणून त्याला जहाजाचं तिकीट मिळालं. त्यानंतर स्पेन, इटली, दक्षिण फ्रान्समधले कॅनरी खजूर रांगेने कोसळले. भुंग्याच्या पाठोपाठ अर्जेंटिनाच्या ताडांतून एक मोठा पतंगही युरोपात आला. त्याच्या अळ्याही गाभाच खातात.

वीतभर रोपात अळी लपली तरी दिसते. दोन मीटरच्या खोडात दिसत नाही.

झाडं समुद्रापार नेण्याची युक्तीच मुळी एका नेच्याने शिकवली. १८२९ साली लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. आतल्या मातीत नेचा उगवला आणि पाणी न घालता जगला. त्यातून काचेची वॉर्डियन पेटी आली. रॉबर्ट फॉर्च्युनने अशाच पेट्यांतून चीनमधला चहा ईस्ट इंडिया कंपनीसाठी हिमालयात पोचवला, आणि याच फॉर्च्युनने १८४९ मध्ये चुसान बेटावरचा ताड इंग्लंडला धाडला. ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी हे त्याचं नाव. खोडाभोवती काथ्यासारखं केसाळ आवरण, ज्याचं चीनमधले शेतकरी इरलं करून पावसात घालत. बर्फ सोसतो. त्याचा एक चुलत भाऊ तर आपल्या कुमाऊँत, पिथोरागडजवळच्या डोंगरावर बर्फात उभा असतो. हे सांगितल्यावर बाबा पहिल्यांदाच गप्प बसले. ट्रॅकिकार्पस टाकिल म्हणतात त्याला, पण त्या नावाने इकडे विकलं गेलेलं बरंचसं फॉर्च्युनीच निघालं आहे, तेव्हा जपून.

हौस हाताबाहेर गेली की काय होतं तेही ब्रिटनने पाहिलंय. व्हिक्टोरियाच्या काळात नेच्यांचं इतकं वेड लागलं की १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जलीने त्याला 'टेरिडोमेनिया' असं रोगासारखं नाव दिलं. किलार्नी नेचा तर लोकांनी ओरबाडून जवळजवळ संपवला.

मला शहाणपण शिकवलं ते आमच्या भागातल्या चर्चच्या आवारात. तिथे मे महिन्यात रोपांचा बाजार भरतो. २०११ ची गोष्ट. आदल्या वर्षीचा डिसेंबर हा १९१० पासूनच्या नोंदींतला ब्रिटनचा सर्वांत थंड डिसेंबर. टेबलामागे एक म्हातारबाबा वीतभर फॉर्च्युनी घेऊन बसले होते, स्वतः बियांपासून केलेली. ही थंडीत तगतील का, मी विचारलं. ते म्हणाले, सगळी उघड्यावरच होती, मेली ती मेली, उरली ती ही. एवढी खात्रीची पाटी मी पुन्हा कुठल्या दुकानात पाहिली नाही. चार पौंडांना एक घेतलं, उतारावर, पाणी साचणार नाही अशा जागी लावलं आणि विसरलो. हे सगळं पदरात असूनही पुढे दहा वर्षांनी मी तो खजूर आणला, हा माझा हावरटपणा.

परवा पुण्याला आलो होतो. एका नव्या सोसायटीच्या फाटकात क्रेनने खजूर उभे करत होते, मुळांना गोणपाट गुंडाळलेलं. कुठून आणले, विचारलं, तर सुपरवायझरला माहीत नव्हतं. तुमच्या सोसायटीत असे आले तर निदान हा प्रश्न विचारा आणि आठवड्यातून एकदा खोडाला कान लावा. मुलं परदेशात असतील तर बॅगेत रोपं घालून नेऊ नका. विमानतळावर अडतात, आणि अडवतात ते बरंच करतात.

चर्चच्या बाजारातला तो ताड आता माझ्या डोक्यावरून दोन हात वर गेला आहे. गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा फुलला. त्याला मी एकदाही गोधडी घातलेली नाही.